गावाला हेल्थ फूडचं दुकान पेलेल का, हे कसं ओळखायचं?

"आमच्याकडे असं दुकान चालेल का?" असं मला विचारणारे बहुतेक जण उत्तर सोबत घेऊनच आलेले असतात. लोकसंख्या भरपूर, जिम चार-पाच, सकाळी फिरायला जाणाऱ्यांची गर्दी, आणि मुख्य म्हणजे असं दुकान गावात एकही नाही. मी सगळं ऐकून घेते आणि एकच विचारते: दळलेल्या जवसाची पाकिटं खवट व्हायच्या आत तुमचं गाव त्यातली किती संपवेल?

बरीच वर्षं मी अशा दुकानाच्या काउंटरमागे उभी आहे. माल भरणं, तारखा बघणं, फळीवरचं पाकीट मागे-पुढे करणं, उतरलेला माल बाजूला काढणं हे सगळं माझ्या हातचं काम. त्यामुळे गावाकडे बघताना मला आधी माणसं दिसत नाहीत, माल फिरण्याचा वेग दिसतो. हेल्थ फूडच्या धंद्यात हा वेग इतर कुठल्याही किराण्यापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे, आणि याचं कारण मालातच आहे.

पांढरा मैदा महिनोन् महिने टिकतो, कारण त्यातला कोंडा आणि अंकुर काढून टाकलेला असतो. धान्यातलं तेल प्रामुख्याने अंकुरात असतं. अख्ख्या धान्याच्या पिठात ते राहतं, दळल्यावर हवेशी त्याचा संबंध येतो आणि पीठ खवट व्हायला लागतं. अक्रोड, जवस, सूर्यफुलाच्या बिया, घाण्याचं तेल, नट बटर, सगळ्यांची हीच गोष्ट. ज्या गुणासाठी गिऱ्हाईक ती वस्तू घेतं, तोच गुण तिचं आयुष्य कमी करतो. गाव हळू खाणारं असेल तर फळीवर शिळा माल राहतो, शिळा माल घेतलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, आणि गिऱ्हाईक कमी झालं की माल आणखी हळू फिरतो. या चक्रात अडकलेलं दुकान बाहेरून छान दिसतं. पाटी नवी असते, बरण्या चकचकीत असतात. आत सहा-आठ महिन्यांत मालक दमलेला असतो.

म्हणून तपासणी मागून सुरू करा. आधी पाकीट, मग घरं, मग गाव.

पाकिटापासून गावापर्यंत

समजा एका वस्तूची मुदत उत्पादनापासून सहा महिने आहे. कारखाना, डिस्ट्रिब्युटर, वाहतूक करत ती तुमच्याकडे पोचेपर्यंत दोन महिने गेले. घेणाऱ्याला घरी वापरायला निदान एक महिना हवा, त्याहून कमी मुदत उरलेलं पाकीट जाणकार गिऱ्हाईक खाली ठेवून देतं. तुमच्या हातात राहिले तीन महिने. खोका चोवीस पाकिटांचा येतो आणि डिस्ट्रिब्युटर सुटी पाकिटं देत नाही. म्हणजे महिन्याला आठ पाकिटं गेलीच पाहिजेत. एक घर दोन महिन्यांत एक पाकीट संपवत असेल, तर ही एक वस्तू ठेवण्यासाठी तुम्हाला ती नेमाने घेणारी सोळा घरं लागतात. सोळा हा आकडा छोटा वाटेल. पण दुकानात अशा तीनशे वस्तू असतात आणि प्रत्येकीला तिची आपली सोळा घरं हवी असतात. काही घरं सामायिक असतील, बरीच नसतील.

हा हिशेब तुमच्या मनातल्या यादीतल्या सगळ्यात नाजूक दहा वस्तूंसाठी करा. टिकाऊ वस्तूंचा हिशेब कुणाचाही बरोबर येतो, त्याने काही कळत नाही.

आता दुकानाचा खर्च. भाडं, पगार, वीज, कर्जाचा हप्ता आणि तुमच्या स्वतःच्या घरखर्चाला लागणारी रक्कम हे सगळं मिळून महिन्याचे १०० भाग धरा. स्वतःचा पगार या बेरजेत धरायचाच. तो वगळून काढलेला नफा हा नफा नसतो, ती तुमची फुकट मजुरी असते. विक्रीवर सरासरी २५ टक्के सुटत असतील तर १०० भाग भागवायला ४०० भागांची विक्री हवी. त्यात मुदत संपलेला, किडलेला, फुटलेला माल विक्रीच्या ३ टक्के धरला, तर हातात २२ टक्केच राहतात आणि लागणारी विक्री ४५५ भागांवर जाते. एक नेमाचं घर तुमच्याकडे महिन्याला १ भाग खर्च करत असेल, तर ४५५ घरं लागतील. नासाडी फक्त ३ टक्के, पण तिच्यामुळे पंचावन्न घरं जास्त शोधावी लागतात, हे लक्षात ठेवा.

आणि नेमाची घरं म्हणजे दर महिन्याला येणारी घरं. उद्घाटनाला पेढा खाऊन एक पाकीट घेऊन गेलेली नव्हेत. पोचण्याजोग्या अंतरावरच्या चाळीस घरांमागे एक घर नेमाचं झालं असं धरलं, तर ४५५ घरांसाठी १८,२०० घरं आवाक्यात हवीत. हे चाळीसाला एक प्रमाण मी उदाहरणापुरतं घेतलंय. तुमच्या गावाचं प्रमाण काय, हे शोधणं हेच खरं काम, आणि ते घरी बसून होत नाही.

बॅच नंबरची वही

गाव जोखण्याची मला माहीत असलेली सगळ्यात खात्रीची रीत फार साधी आहे. एक छोटी वही घ्या. गावातल्या मोठ्यात मोठ्या किराणा दुकानात किंवा सुपरमार्केटात जा. ओट्स, म्यूस्ली, बिया, नट बटर, कोंड्याचे पदार्थ, साखर न घातलेले पदार्थ जिथे मांडलेत त्या फळीपाशी उभे राहा. दहा-बारा वस्तू निवडा. प्रत्येक पाकीट उलटं करून तीन गोष्टी लिहा: उत्पादनाची तारीख, बॅच नंबर, आणि फळीवर तशी एकूण किती पाकिटं आहेत. हात आत घालून मागचं पाकीटही काढून बघा. काळजी घेणारा दुकानदार जुना माल पुढे आणि नवा मागे लावतो, त्यामुळे खरी बातमी मागच्या रांगेत असते. वरच्या कडेवरून बोट फिरवा. धूळ लागली तर तीही लिहा.

तीन-चार आठवड्यांनी त्याच फळीपाशी परत जा. बॅच बदलली असेल तर माल संपला आणि नवा आला. बॅच तीच, पण नऊची चार झाली असतील तर बरं चाललंय. नऊची नऊच असतील तर त्या वस्तूला गावात घर नाही. नऊची नऊ आणि वर सवलतीची चिकटपट्टी, म्हणजे दुकानदाराने हात टेकले. हे दोन-तीन दुकानांत करा आणि औषधाच्या दुकानातल्या फळीचीही अशीच नोंद ठेवा. औषधवाल्याकडे पौष्टिक पावडरी, साखरेऐवजी वापरायचे पदार्थ, इसबगोल असं काय फिरतं त्यावरून गावाची तब्येत आणि गावाची काळजी दोन्ही कळतात.

सगळ्यात जुन्या तारखेची एक-दोन पाकिटं विकतही घ्या आणि घरी उघडून वास घ्या. बदाम चावून बघा. जवस शिळं झालं की ऑइल पेंटसारखा वास येतो. चित्रकार ज्या तेलात रंग कालवतात ते बहुतेक वेळा जवसाचंच असतं, त्यामुळे एकदा ओळखलेला हा वास विसरत नाही. गावातल्या फळीवर खवट माल असेल तर त्याचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही खरे असू शकतात. एक, इथे माल हळू फिरतो. दोन, इथल्या लोकांनी ताजा माल चाखलेलाच नाही, आणि "बिया कडवट असतात" असं त्यांचं मत पक्कं झालंय. दुसरी शक्यता तुमच्या बाजूची आहे, पण ती चव देऊन सिद्ध करावी लागते.

वही वाचताना एक फरक करा. ओट्सचा खप जोरात आहे म्हणून हुरळून जाऊ नका. ओट्स सुपरमार्केट तुमच्यापेक्षा स्वस्त देणार आणि गिऱ्हाईक तिथेच घेणार, त्यात त्याची चूक नाही. तुम्ही शोधायचा आहे तो अशा वस्तूचा खप, जी वापरायला थोडी माहिती लागते: बकव्हीट, राजगिऱ्यासारखी धान्यं, मीठ-साखर न घातलेलं नट बटर, चिया, अख्ख्या धान्याचा पास्ता. अशी वस्तू दुसऱ्यांदा विकत घेणाऱ्या माणसाच्या स्वयंपाकघरात सवय मुरलेली असते. त्याला सांगणारं, समजावणारं, ताजं देणारं कुणी भेटलं तर तो दुकान बदलतो. सुपरमार्केटातल्या अशा चार वस्तूंची बॅच दर महिन्याला बदलत असेल, तर मी त्या गावाकडे गंभीरपणे बघते.

नेमाचं गिऱ्हाईक कोण?

"आरोग्याबद्दल जागरूक लोक" असा गट बाजारात अस्तित्वात नाही. कुणी डॉक्टरने सांगितलं म्हणून येतं, कुणी पोटच्या पोरासाठी, कुणी अंगावर मांस चढवायला, कुणी उतरवायला. प्रत्येकाचा परत येण्याचा वेग वेगळा असतो.

सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक सिलिअ‍ॅक आजार असलेल्या माणसाचं घर. या आजारात गव्हातलं, बार्लीतलं, रायमधलं ग्लूटेन नावाचं प्रथिन आयुष्यभर पूर्ण बंद करावं लागतं, आजवर त्याला दुसरा उपचार नाही. जगभरात साधारण १ टक्का लोकांना हा आजार असतो असं मानलं जातं आणि त्यातल्या बहुतेकांचं निदान झालेलं नसतं. ५० हजारांच्या गावात पाचशे जण असतील, पण पाचातल्या एकालाच ते माहीत आहे असं धरा, म्हणजे शंभर. म्हणून गावात पोटाच्या विकारांचा तज्ज्ञ आहे का, बालरोगतज्ज्ञ या आजाराच्या चाचण्या करायला सांगतात का, हे विचारा. निदान करणारा डॉक्टर नसेल तर गिऱ्हाईक गावात असूनही नसल्यासारखं आहे. ही शंभर घरं मिळाली तर ती दर आठवड्याला येतात आणि दुसऱ्या चार घरांना तुमचं नाव सांगतात. मात्र त्यांच्या विश्वासाची जबाबदारी मोठी आहे. कोडेक्स अ‍ॅलिमेंटेरियसच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ग्लूटेनमुक्त म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. गव्हाच्या पिठाच्या डब्यातला डाव दुसऱ्या डब्यात गेला तरी ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. वेगळी जागा, वेगळे डाव, बंद पाकिटं जमणार नसतील तर या घरांना बोलावू नका. त्यांच्या आतड्याशी खेळ नको.

मधुमेहाचं गणित लोक चुकीचं मांडतात. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगातल्या २० ते ७९ वयाच्या साधारण नऊ प्रौढांमागे एकाला मधुमेह आहे. आकडा प्रचंड आहे आणि तो बघून माणूस शुगर फ्री बिस्किटांनी फळ्या भरतो. पण मधुमेही माणसाला मुख्यतः ताटातलं प्रमाण, वेळ आणि साध्या अन्नाची निवड सांभाळायची असते. त्यासाठी लागणारं बहुतेक सामान भाजीबाजारात आणि नेहमीच्या किराण्यात मिळतं. साखर नसलेल्या बिस्किटातही मैदा आणि तूप असतंच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वजन ताब्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी गोडी आणणारे पदार्थ वापरू नयेत अशी सूचना दिली. ती आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नव्हती, पण या पदार्थांवर दुकान उभं करू पाहणाऱ्याने ती वाचावी. भीतीवर विकलेला माल एकदाच विकला जातो. मधुमेही घरं माझ्याकडे भरपूर येतात, पण अख्खी धान्यं, डाळी, बिया घ्यायला. हिशेबात त्यांना तेवढंच धरा.

दुधातली साखर न पचणारे प्रौढ जगात निम्म्याहून जास्त आहेत. तरी त्यांच्यातले बहुतेक जण दूध कमी करतात किंवा दही खातात आणि विषय संपतो. बदामाचं दूध शोधत फिरणारे थोडे. त्रास किती जणांना आहे आणि त्यासाठी पैसे मोजून पर्याय कितीजण घेतात, यात हे असं अंतर असतं. गावाची पाहणी करताना तुम्हाला दुसरा आकडा हवाय.

जिमवाली मुलं उत्साही असतात, पण प्रोटीन पावडर ती ऑनलाइन किंवा ट्रेनरकडून घेतात. वजन उतरवायला निघालेल्यांची लाट वर्षातून एक-दोनदा येते आणि ओसरते. दोघांनाही नाही म्हणू नका, फक्त त्यांच्या भरवशावर भाडं ठरवू नका.

लहान मुलं असलेली घरं मात्र मी वेगळी मोजते. पहिल्या मुलाला वरचं अन्न सुरू करणारी आई-वडिलांची जोडी प्रत्येक पाकिटाची मागची बाजू वाचते. एकदा विश्वास बसला की पुढची पाच-सात वर्षं त्या घराचा सुका मेवा, धान्य, पीठ तुमच्याकडून जातं. बालवाड्यांची पटसंख्या वाढतेय की घटतेय, हे मुख्याध्यापकांना विचारलं तरी कळतं.

गावाचा आवाका

१९३३ मध्ये जर्मन भूगोलतज्ज्ञ वाल्टर ख्रिस्टालर यांनी दक्षिण जर्मनीतल्या गावांचा अभ्यास करून दोन साध्या गोष्टी मांडल्या. कुठलीही सेवा टिकायला किमान काही गिऱ्हाईक लागतं, आणि त्या सेवेसाठी माणूस ठरावीक अंतरापलीकडे जात नाही. या अंतराच्या आत ते किमान गिऱ्हाईक बसलं तर दुकान टिकतं, नाही तर नाही. ४५५ घरांचा आपला हिशेब म्हणजे पहिली गोष्ट. दुसरी अजून मोजायची आहे.

इथे शेजारचं मोठं शहर मध्ये येतं. १९३१ मध्ये विल्यम रायली यांनी मांडलं की दोन शहरं मधल्या गिऱ्हाइकाला आपापल्या लोकसंख्येच्या प्रमाणात ओढतात, आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात ती ओढ घटते. पुढे पॉल कॉन्व्हर्स यांनी त्यावरून दोन शहरांच्या मधली हद्द कुठे पडते याचं सूत्र दिलं. मोठ्या शहराच्या लोकसंख्येला छोट्याच्या लोकसंख्येने भागा, येणाऱ्या आकड्याचं वर्गमूळ काढा, त्यात १ मिळवा, आणि दोन शहरांमधल्या अंतराला त्याने भागा. उत्तर येतं ते छोट्या शहरापासूनचं अंतर. शेजारचं शहर ६० किलोमीटरवर आणि तुमच्या नऊपट असेल, तर नवाचं वर्गमूळ ३, त्यात १ म्हणजे ४, आणि ६० भागिले ४ म्हणजे १५. त्या दिशेला तुमचा आवाका जेमतेम १५ किलोमीटर. पलीकडची वस्ती मोठ्या शहराकडे झुकलेली, तिला तुमच्या अठरा हजार घरांत धरू नका.

सूत्र ढोबळ आहे. नदीवर पूल नसेल, रेल्वे मोठ्या शहराकडेच जात असेल, किंवा गावातले निम्मे लोक रोज नोकरीला तिकडे जात असतील, तर हद्द आणखी आत सरकते. रोज ये-जा करणारी माणसं येताना तिकडूनच सामान आणतात. संध्याकाळी बस-स्टँडवर किंवा स्टेशनवर उभं राहून उतरणाऱ्यांच्या हातातल्या पिशव्या बघा. मोठ्या शहरातल्या दुकानांच्या पिशव्या दिसत असतील, तर तुमचं गिऱ्हाईक रोज तुमच्या डोळ्यांसमोरून दुसऱ्याकडून घेऊन येतंय.

ऑनलाइन विक्रीमुळे बंद पाकिटाची हद्द जवळजवळ पुसली गेली आहे. पार्सलने येत नाही ते एकच: समोर दळलेलं, काल आलेलं, वास घेऊन घेतलेलं. म्हणूनच मी पुन्हा पुन्हा ताजेपणावर येते. गावातलं दुकान त्यावरच टिकतं.

हवा आणि वीज

हा भाग लोक पूर्णपणे विसरतात. खवट होण्यासारख्या रासायनिक क्रिया तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण दुपटीने वेगाने होतात. म्हणजे २० अंशांच्या गावात सहा महिने टिकणारी बी ३० अंशांच्या गावात तीन महिन्यांतच कडवट होऊ शकते, छापील तारीख काहीही असो. उष्ण गावात तुम्हाला तितकीच जास्त घरं लागतात, किंवा फ्रिज लागतो, आणि फ्रिज म्हणजे विजेचा खर्च. वीज रोज काही तास जात असेल तर थंड मालाचा विचार सोडा.

दमट हवेचं दुखणं वेगळं. हवेतली आर्द्रता सतत ७० टक्क्यांच्या वर असेल तर उघडा माल ओल धरतो आणि बुरशी येते. शेंगदाणे, मका, सुका मेवा यांच्यावर येणाऱ्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करतात, ते यकृताला घातक असतं आणि भाजून पूर्ण जात नाही. २५ ते ३३ अंशांची ऊब टोक्यांना आणि आळ्यांना मानवते. रसायन न वापरलेल्या पिठाला आठवड्यांत जाळी धरते. उपाय आहे: धान्य आणि बिया उणे १८ अंशांवर काही दिवस ठेवल्या तर किडीची अंडीसुद्धा मरतात. पण त्यासाठी मोठा डीप फ्रीझर आणि त्याला जागा हवी. दमट गावात सुटा माल बरण्यांतून विकायचं स्वप्न असेल, तर आधी या खर्चाची बेरीज करा.

गाळा बघतानाही हेच. संध्याकाळचं ऊन समोरच्या काचेतून थेट आत येणारा गाळा भाड्याने स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. दुपारी चारनंतर त्या फळीवरच्या तेलाच्या बाटल्यांना हात लावून बघा, कारण कळेल.

लोकांशी कसं बोलायचं

"दुकान काढलं तर याल का?" असं विचारलं की सगळे हो म्हणतात. माणसं मनाने चांगली असतात, तुमचं मन मोडत नाहीत. विचारायचं ते झालेल्या गोष्टींबद्दल. गेल्या महिन्यात यातलं काय घेतलंत? कुठून? संपल्यावर परत आणलंत का? नाही आणलं तर का? "संपलं, पण परत आणायचं राहून गेलं" हे उत्तर वारंवार आलं तर सवय अजून लागलेली नाही. "मागवते ऑनलाइन, पण मागच्या वेळी फार शिळं आलं" हे उत्तर आलं की त्या बाईंचा फोन नंबर घ्या.

डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांना भेटा, पण वेगळा प्रश्न घेऊन: "तुम्ही लिहून देता ते लोकांना गावात मिळत नाही, असं कशाचं होतं?" त्यांच्याकडे यादी तयार असते. एका गावातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी मला टेबलाच्या खणातून एक कागद काढून दाखवला होता. रुग्ण परत येऊन "हे मिळालं नाही" म्हणाले की त्या त्यावर रेघ मारत. काही वस्तूंसमोर रेघांचे गठ्ठे होते, काहींसमोर एकही नाही. कुठल्याही पाहणीपेक्षा तो कागद मोलाचा.

मग पैशाची परीक्षा. दहा-बारा वस्तूंची यादी करा, ओळखीपाळखीतून आणि त्यांच्याही ओळखीतून घरं गाठा, आणि आगाऊ पैसे घेऊन त्या वस्तूंचा महिन्याचा डबा पोचवा. पहिल्या महिन्याची संख्या विसरा, ती कौतुकापोटी असते. दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्यात, तुम्ही आठवण न करता किती घरांनी परत पैसे भरले ते बघा. पन्नासात वीस घरं तिसऱ्या महिन्यालाही टिकली, तर त्या गावात मी पुढचा विचार करेन. पाच टिकली तर ते डब्याचंच काम घरून चालू ठेवेन आणि गाळा शोधणार नाही.

राहिलेल्या काही गोष्टी

गावात असं दुकान एकही नाही, ही बातमी चांगली की वाईट ते आपोआप ठरत नाही. आधी होतं आणि बंद पडलं का, हे विचारा. बंद पडलं असेल तर त्या मालकाला शोधून भेटा. मालकाची तब्येत बिघडली म्हणून बंद पडलेलं दुकान आणि माल पडून राहिला म्हणून बंद पडलेलं दुकान यात फरक आहे. असलेलं एखादं दुकान नीट चाललं असेल तर घाबरू नका, त्याने गावाला सवय लावायचं निम्मं काम केलेलं असतं. फक्त त्याच्या फळीची नोंदसुद्धा तुमच्या बॅच नंबरच्या वहीत असू द्या.

विद्यार्थ्यांचं गाव सुट्ट्यांत रिकामं होतं. पर्यटकांचं गाव हंगामात भरतं आणि मग ओस पडतं. अशा गावात वर्षाच्या सरासरीवर हिशेब करू नका, सगळ्यात कोरड्या दोन महिन्यांवर करा, कारण माल त्याच महिन्यांत फळीवर पडून खराब होतो. एकाच कारखान्यावर किंवा एकाच संस्थेवर चालणारं गाव असेल तर तिथल्या नोकऱ्यांची स्थिती काय, याची चौकशी करा. घरात पैशाची ओढाताण झाली की सगळ्यात आधी आपल्याकडची खरेदी कमी होते.

माल कुठून येणार? डिस्ट्रिब्युटरची गाडी तुमच्या रस्त्याने आठवड्यातून एकदा जात असेल तर तुम्ही थोडा थोडा माल मागवू शकता. महिन्यातून एकदाच जात असेल तर एकदम भरावा लागतो, आणि आपला तीन महिन्यांचा हिशेब दोनावर येतो. मुदत जवळ आलेला माल परत घेतात का, हे आधी विचारा आणि लेखी घ्या. परवाना आणि लेबलांचे नियम तुमच्याकडचे काय आहेत ते बघून घ्या. आणि अमुक खाल्ल्याने तमुक रोग बरा होतो असं पाटीवर कधीही लिहू नका, नियमासाठीही नको आणि समोरच्या माणसासाठीही नको.

वही, डबा आणि हिशेब यांनी एकच उत्तर दिलं तर निर्णय सोपा असतो. बरेचदा ते मधलं उत्तर देतात. घरं साडेचारशे लागतात आणि दिसतात अडीचशे. अशा वेळी मी गाव सोडा म्हणत नाही, खर्चाचे १०० भाग ५५ वर येतात का बघा म्हणते. अर्धा गाळा, औषधाच्या दुकानातली भाड्याने घेतलेली एक भिंत, आठवड्यातले चारच दिवस उघडं दुकान आणि बाकी दिवस घरपोच डबे, तीनशेऐवजी ऐंशी वस्तू. ऐंशी वस्तूंचा माल पटापट फिरतो, ताजा राहतो आणि अडीचशे घरं त्याला पुरतात. भाडेकरार करताना पहिल्या वर्षात दोन महिन्यांची सूचना देऊन बाहेर पडता येईल असं कलम घालून घ्या. मालकाने ते नाकारलं तर दुसरा गाळा बघा, आणि तो मिळेपर्यंत डबे चालू ठेवा.